एमजीबी आधी मूळपदावर, मगच बदल

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवा आणि इंजिन चालू करण्याआधी जरा कान द्या. सीटच्या मागून टक-टक-टक असा भरभर आवाज येतो, हळूहळू मंदावतो आणि थोड्याच वेळात थांबतो. हा एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप. दोन्ही कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की तो गप्प बसतो. इंजिन बंद असताना टकटक चालूच राहिली, तर पेट्रोल कुठेतरी गळतंय किंवा वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नाहीये. आवाजच आला नाही, तर पंपाचे पॉइंट जळालेत किंवा त्याची अर्थिंग गेली आहे. पाना हातात घ्यायच्या आधीच एवढं कळलं. रोज किल्ली फिरवताना हे ऐकायची सवय लावून घ्या, निम्मी देखभाल इथेच होते.

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. त्यामुळे तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो. सोय मोठी आहे, पण तिच्यापायी माणूस दुरुस्ती सोडून खरेदीच्या नादाला लागतो. दिवे मंद आहेत म्हणून एलईडी घ्या, गाडी डुलते म्हणून नवे शॉकअप घ्या, मिसिंग येतंय म्हणून वेबर कार्ब्युरेटर घ्या. खरं तर दिव्यांची अर्थिंग गंजलेली असते, शॉकअपमधलं तेल संपलेलं असतं आणि मिसिंगचं मूळ इग्निशनच्या बोटाएवढ्या कंडेन्सरमध्ये असतं. म्हणून माझा हट्ट असा, की कारखान्यातून निघाली तशी गाडी आधी हजारेक मैल बिनतक्रार चालली पाहिजे. बदलांचा विचार त्यानंतर. खालचा क्रम त्याच हट्टातून आला आहे. आकडे १७९८ सीसीच्या चार सिलिंडर एमजीबीचे आहेत. मिजेट, ट्रायम्फ टीआर किंवा ऑस्टिन-हीली अशी दुसरी जुनी ब्रिटिश गाडी असेल तर पद्धत तीच वापरा, आकडे मात्र आपल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या.

आधी पाने

ही गाडी इंचातली आहे. ७/१६, १/२ आणि ९/१६ इंच एएफ (नटच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर) हे पाने सतत लागतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यामुळे १३ मिमीचा पाना त्यावर बसतो खरा, पण घट्ट नटला जोर लावला की कोपरे गोल झालेच म्हणून समजा. आट्यांचं प्रकरण याहून वाईट. ५/१६ यूएनएफ (इंचातल्या बारीक आट्यांचा) आणि ८ मिमीचा बोल्ट जाडीला जवळपास सारखेच असतात. पहिला आटा बोटाने लागतो, आपण खूश होऊन पाना फिरवतो आणि आतले आटे कापले जातात. जुन्या गाडीत आधीच्या कुणा मालकाने असे बोल्ट घुसवलेले असतात, हे गृहीत धरूनच चाला. बोल्ट बोटांनी तीन-चार फेरे सहज गेला नाही, तर तो तिथला नाही.

बाकी हवं ते म्हणजे फीलर गेज, टॉर्क पाना, मल्टिमीटर, टायमिंग लाइट आणि मजबूत जॅक स्टँड. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जायचं नाही. यावर वाद नको.

पत्रा

इंजिन बिघडलं तर बदलता येतं. पत्रा गेला तर गाडीच गेली. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा कणा. त्यातही दाराखालचे सिल म्हणजे मुख्य तुळई. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मधला उभा पडदा आणि खालची कॅसल रेल अशी ती पेटी असते. उघड्या टपाच्या गाडीचा जवळजवळ सगळा भार या पेटीवर.

परीक्षा सोपी आहे. दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बघा. वर बारीक आणि खाली रुंद दिसली, तर गाडी मधून वाकते आहे. मग एका बाजूने जॅक लावून गाडी उचला आणि दार उघडून पाहा. दार अडकायला लागलं किंवा फट डोळ्यांदेखत बदलली, तर सिलवरचा चकचकीत रंग विसरा, आत जाळी झाली आहे. गंजलेल्या सिलवर नवा पत्रा नुसता चढवून वेल्ड केलेल्या गाड्या पुष्कळ फिरतात. अशा वेळी खाली वाकून कॅसल रेलला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकायचं. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर पैसे खिशातच ठेवा.

याखेरीज चार जागा बघायच्या: पुढच्या चाकामागचा मडगार्डचा खालचा भाग, कार्पेटखालची जमीन, सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या आणि मागचे पाटे बॉडीला जिथे टांगलेत ती जागा.

सिल बदलायचे असतील तर दारं काढायची नाहीत. गाडी चारही बाजूंनी सपाट टेकवा, दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार तात्पुरता वेल्ड करा आणि एका वेळी एकच बाजू कापा. दर टप्प्याला दार लावून फट तपासा. दोन्ही सिल एकदम कापले की गाडी केळ्यासारखी वाकते, आणि मग ती सरळ होत नाही. पत्रा पारच गेला असेल तर ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८पासून मूळ साच्यांवर नवी बॉडी बनवत आलं आहे, तो मार्गही आहे. पत्रा चांगला असेल तर मात्र पाणी जायची भोकं मोकळी करा आणि पोकळ जागांत दरवर्षी मेण फवारा. कंटाळवाणं काम आहे, फोटोही काढण्यासारखा नाही, पण गाडी त्याच्यामुळेच टिकते.

ट्यूनिंग: क्रम मोडायचा नाही

टॅपेट, प्लग, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, टायमिंग आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर. लोक उलटीकडून सुरुवात करतात, कारण कार्ब्युरेटर वरच दिसतात आणि त्यांना स्क्रू असतात.

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली, फट थंड इंजिनवर ०.०१५ इंच ठेवायची. यासाठी नऊचा नियम लक्षात ठेवा. व्हॉल्व्ह पुढून एक ते आठ मोजा. आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा, बेरीज नेहमी नऊ. फीलर गेज हलकं घासत सरकलं पाहिजे. प्लगचा गॅप ०.०२५ इंच, पॉइंटचा ०.०१४ ते ०.०१६ इंच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर ग्रीसचा पुसट हात द्या. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं. टायमिंगचा अंश इंजिन नंबरप्रमाणे बदलतो, तो मॅन्युअलमधूनच घ्या. जुन्या इंजिनांवर टायमिंगच्या खुणा पुलीच्या खालच्या बाजूला आहेत, वरून शोधत बसू नका.

कंडेन्सरने मला दोन महिने नाचवलं. वीस मिनिटं गाडी झकास चालायची, मग झटके देत बंद पडायची. अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू. मी कार्ब्युरेटर तीनदा खोलले, पंप बदलला, टाकीच्या झाकणावरही संशय घेतला. शेवटी निघाला कंडेन्सर, आणि तोही मीच महिन्याभरापूर्वी बसवलेला नवा कोरा. गरम झाला की आतून जायचा. डब्यात टाकलेला जुना परत लावला आणि विषय संपला. तेव्हापासून काढलेला चालू भाग मी फेकत नाही, चिठ्ठी बांधून ठेवतो. नवा म्हणजे चांगला असं या गाड्यांच्या बाबतीत धरून चालत नाही.

आता कार्ब्युरेटर. एसयू एचएस४ची जोडी हे फार साधं यंत्र आहे. एक जेट, एक निमुळती सुई आणि हवेच्या ओढीने वर-खाली होणारा एक पिस्टन, बस्स. इंजिन नेहमीसारखं गरम करून घ्या आणि असं चला.

पहिलं, एअर फिल्टर काढून पिस्टन बोटाने वर उचला आणि सोडा. तो खाली पडताना धातूवर धातू आपटल्याचा स्पष्ट टक असा आवाज यायला हवा. अडखळत उतरला तर वरची घुमटी काढून आतून पुसा. घासायचं नाही, पॉलिश पेपर तर मुळीच लावायचा नाही. घुमट्या एकमेकींत बदलू नका, प्रत्येकीचा पिस्टन तिच्याच मापाचा असतो.

दुसरं, घुमटीवरचं झाकण फिरवून काढा आणि आत तेल घाला. २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल चालतं. झाकणाची दांडी परत खाली सोडताना शेवटच्या टप्प्यात किंचित विरोध जाणवला की पुरे. हे तेल संपलेलं असलं की ॲक्सिलरेटर झटकन दाबल्यावर गाडी गुदमरते आणि माणूस जेट बदलायला निघतो.

तिसरं, दोन्ही कार्ब्युरेटर जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प सैल करा, म्हणजे दोघं सुटे झाले. रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरा. सूं असा आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत आयडलिंगचे स्क्रू थोडे थोडे फिरवा. हवा मोजायचं मीटर मिळतं, पण नळीनेही काम भागतं.

चौथं, मिश्रण. जेटखालचा षटकोनी नट वर फिरवला की पेट्रोल कमी, खाली फिरवला की जास्त. आधीच्या मालकाने कुठे नेऊन ठेवलाय कळत नसेल, तर जेट वरच्या पुलाशी सपाट आणा आणि तिथून दोन पूर्ण फेरे खाली या. पुढे एका वेळी नटची एकच बाजू फिरवायची. मग शेजारची पिन दाबून पिस्टन १/३२ इंच, म्हणजे एक मिलिमीटरही नाही इतका उचला. इंजिनाची गती वाढली आणि वाढलेलीच राहिली, तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन लगेच बसायला लागलं, तर कमी आहे. क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आलं, तर बरोबर. हेच दुसऱ्या कार्ब्युरेटरवर करा आणि पुन्हा पहिल्याकडे या, कारण एक हलवला की दुसऱ्याचं गणित थोडं बदलतं.

पाचवं, क्लॅम्प घट्ट करा आणि आवाज परत ऐका. घट्ट करतानाच दांडी सरकते, आणि अर्ध्या तासाची मेहनत नेमकी तिथे वाया जाते. १९७२च्या सुमारापासून आलेल्या एसयूच्याच एचआयएफ४वर मिश्रणाचा स्क्रू बाजूला असतो, बाकी पद्धत हीच.

एवढं करूनही आयडलिंग कधी वर कधी खाली होत असेल, तर थ्रॉटलच्या दांडीला आडवं हलवून बघा. तिथे खेळ असेल तर हवा तिथून आत जाते. कितीही ट्यूनिंग करा, ते टिकणार नाही. नवी दांडी आणि बुश बसवावे लागतात.

तेल, ग्रीस, ब्रेक

इंजिनात २०डब्ल्यू-५०, आणि तेही जस्ताचा अंश पुरेसा असलेलं, जुन्या कॅमशाफ्टसाठी बनवलेलं घ्या. आजच्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक इथे महागही पडतं आणि गळतंही. गिअरबॉक्समध्येही हेच इंजिन ऑइल जातं. गिअर ऑइल मागच्या ॲक्सलसाठी, ९० नंबरचं हायपॉइड. सवयीने गिअरबॉक्समध्ये ते ओतू नका. गरम इंजिनवर चालत्या गाडीत तेलाचा दाब ५० ते ८० पीएसआय असावा. आयडलिंगला १५ ते २५ दिसला तरी घाबरायचं कारण नाही.

पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंगपिनना दर ३००० मैलांनी ग्रीस द्या. चाकं हवेत लोंबकळत असताना दिलंत तरच ग्रीस भार पेलणाऱ्या बाजूला पोचतं. चाकं जमिनीवर ठेवून मारलेलं ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येतं आणि काम झाल्याचं समाधान तेवढं मिळतं. पुढच्या हबमध्ये दोन बेअरिंगच्या मध्ये स्पेसर आणि पातळ चकत्या (शिम) असतात. खेळ ०.००२ ते ०.००४ इंच यावा यासाठी ते आहेत. कुणीतरी ते काढून टाकलेले असतील तर परत बसवा, नुसता नट अंदाजाने आवळून चालत नाही.

ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला, डॉट ४ चालेल. मिनरल ऑइलचा थेंबही आत जाऊ देऊ नका, रबर फुगतं. मागच्या ड्रमचा चौकोनी ॲडजस्टर चाक जाम होईपर्यंत फिरवायचा आणि चाक मोकळं फिरेल इतका मागे घ्यायचा. हँडब्रेक सैल आहे म्हणून आधी केबल ओढायची नाही. ड्रममधली धूळ फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

वायरिंग

या गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या ल्यूकसच्या नावाने विनोद करणं ही या छंदातली जुनी परंपरा आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. पन्नास-साठ वर्षं पाणी खाल्लेला जोड कुणाचाही असता तरी असाच वागला असता. वायरचे रंग एकदा पाठ केले की सगळा गुंता सुटतो. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीवरून, कायम जिवंत आणि फ्यूजशिवाय. पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून गेलेली, जांभळी कायम जिवंत पण फ्यूजची, निळी हेडलाइटची, लाल साइडलाइटची, काळी अर्थची. तपकिरी वायरवर काम करायचं असेल तर बॅटरी सोडवूनच.

दिवा मंद असेल तर तो चालू ठेवून मल्टिमीटरची एक तार दिव्याच्या अर्थला आणि दुसरी बॅटरीच्या अर्थच्या टोकाला लावा. अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी दोष अर्थिंगमध्ये आहे. बुलेट कनेक्टर ओढून काढा, चकचकीत होईपर्यंत घासा, परत लावा. इंजिन आणि बॉडी जोडणारी जाड पट्टीही बघा. ती तुटलेली असेल तर स्टार्टरचा प्रवाह परतीची वाट शोधत चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. चोकची केबल गरम लागली तर हेच कारण.

१९६७पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. ते उलटं करायचं झालं तर बॅटरीची आणि कॉइलची जोडणी उलटवा. मग डायनॅमोच्या एफ टर्मिनलवरची वायर काढून, बॅटरीच्या जिवंत टोकाची वायर तिथे दोन-तीनदा क्षणभर टेकवा. आरपीएमच्या काट्यातही आतून बदल करावा लागतो. शेवटी बॉनेटखाली मोठ्या अक्षरांत तशी चिठ्ठी चिकटवा. पुढचा माणूस बॅटरी उलटी लावणारच.

आता बदल

आधी सुरक्षिततेचे. हेडलाइटना रिले द्या. मूळ रचनेत सगळा प्रवाह डॅशबोर्ड आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, रिलेने स्विच वाचतो आणि उजेडही वाढतो. ब्रेकचे रबरी पाइप जुने असतील तर नवे घाला. पेट्रोलचे पाइप इथेनॉल सोसणारे हवेत. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) झालं, आणि जुनं रबर त्यात मऊ पडून चिरतं. मिळत असेल तर ई५ भरा.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन चांगलं, पण ते घेताना आपली गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे की निगेटिव्ह हे बघून घ्या. पॉइंट, कंडेन्सर आणि फीलर गेज डिकीत ठेवाच. पॉइंट मरताना आठवडाभर कुरकुरतात. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मरतं ते न सांगता.

सस्पेन्शनमध्ये सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी बदल म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या खालच्या विशबोनला एमजीबी जीटी व्ही८चे बुश. मूळच्या लिव्हर शॉकअपना नावं ठेवण्याआधी त्यांच्यात तेल घालून बघा, नाही तर ओव्हरहॉल केलेले घ्या. आजच्यासारखे नळीचे टेलिस्कोपिक शॉकअप बसवल्याने गाडी सुधारतेच असं नाही. पुष्कळदा ती नुसती कडक होते आणि कंबर धरते. १९७४च्या अखेरीस आलेल्या रबरी बंपरच्या गाड्यांची उंची सुमारे दीड इंच वाढवलेली होती. त्या खाली आणणं आणि पुढे अँटी-रोल बार बसवणं यात मात्र खरा फरक जाणवतो.

पाच गिअरचा डबा घेण्याआधी ओव्हरड्राइव्ह (स्विचने लागणारा जादा वेगाचा गिअर) आहे का बघा. लागत नसेल तर गिअरबॉक्स उतरवू नका. तेलाची पातळी, स्विचच्या वायरी आणि सोलेनॉइडपर्यंत १२ व्होल्ट पोचतात का ते आधी तपासा.

ताकदीचं बोलायचं तर सुरुवातीच्या इंजिनाची ९५ अश्वशक्ती होती, आणि तिला आवर सिलिंडर हेडचा. चार सिलिंडरना हवेची दोनच भोकं आणि धुराची तीन. त्यामुळे पैसा आधी हेडवर घाला. पोर्ट साफसूफ आणि मोकळे केलेले, व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या. ब्रिटनमध्ये शिशाच्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९च्या अखेरीस थांबली, त्यामुळे या सीट तशाही लागणारच आहेत. एका कामात दोन्ही होतं. हेड, फिल्टर किंवा एक्झॉस्ट बदलला की एसयूची सुईही बदलावी लागते, नाहीतर मिश्रण पातळ होऊन पिस्टन तापतात. वेबर दिसायला देखणा आहे, पण रस्त्यावर चालवायच्या गाडीला मी तो लावणार नाही. नीट लावलेले एसयू त्याच्या फारसे मागे नसतात आणि पेट्रोलही कमी खातात.

ब्रिटनमध्ये गाडी असेल तर कागदपत्रांचं भान ठेवा. ४० वर्षांवरच्या गाड्यांना मे २०१८पासून एमओटी या वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण मोठे बदल केले तर ती जाऊ शकते. विमा कंपनीला प्रत्येक बदल कळवायचा, अगदी चाकांचासुद्धा.

एका वेळी एकच बदल करा आणि दोनशे मैल चालवल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नका. तारीख, मैल आणि काय केलं हे वहीत लिहा. चार बदल एकदम केले आणि गाडी बिघडली, तर चारही उलगडत बसावं लागतं.

आऱ्यांची चाकं असतील तर एक राहिलं. हबच्या खाचा पुसून ग्रीस लावा आणि मधला मोठा नट तांब्याच्या हातोडीने ठोका. गाडीच्या डाव्या बाजूचे आटे सरळ आहेत, उजव्या बाजूचे उलटे. नटवर सोडवायची दिशा बाणाने कोरलेली असते, ती बघूनच पहिला ठोका घाला. पंचवीसेक मैलांनी गाडी थांबवून चारही पुन्हा एकदा ठोकून घ्या.